पडले, एवढंच सांगायचं

आबा, परवा एका मुलीनं माझ्या मानेवर बोटं ठेवली आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. ती डॉक्टर आहे, माझ्या लेकीपेक्षा लहानच असेल. राजारामपुरीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना आहे. तिथं मणके हातानं सरळ करतात, त्याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. तुमच्या कानावर हा शब्द कधी आला नसेल. लेकीनं मोबाईलवर पाहिलं होतं, मान कडकन वाजवतात आणि माणूस हसत उठतो. तेव्हापासून ती माझ्या मागं लागली होती. "आई, एकदा दाखव की. डावीकडं बघायचं तर अख्खी वळतीस, कपाट सरकवल्यागत." मी म्हणायची, वय झालं. ती म्हणायची, "वय उजवीकडं झालं न्हाय व्हय?" शेवटी गेले.

त्या मुलीनं मला पालथं झोपवलं, बसवलं, हात वर करायला लावले, मान इकडं तिकडं वळवायला लावली. मधेमधे प्रश्न विचारत होती. प्रत्येक प्रश्नाला मी दात आवळायची, खांदे वर घ्यायची. ती म्हणाली, "काकू, घाबरलात का? मी अजून काही केलेलंच नाही." तिला काय सांगणार? माझ्या लहानपणापासून कुणी हाडावर हात ठेवून प्रश्न विचारला की पुढच्या क्षणाला काय होतं ते मला माहीत आहे. ही मात्र प्रश्न विचारून थांबायची. हातात पेन धरून माझ्या तोंडाकडं बघत राहायची. उत्तरासाठी विचारलेला प्रश्न हाडाच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा ऐकला.

मग तिनं विचारलं, "मानेला कधी मार लागलाय? अपघात, पडणं, काहीही? नीट आठवून सांगा. मान फिरवायची म्हणजे आधीचं कळायला हवं. जुनं काही मोडलेलं असेल आणि मी त्यावर जोर लावला, तर हातपाय कायमचे जाऊ शकतात." लेक समोरच्या खुर्चीत मोबाईल बघत बसली होती. मी म्हटलं, "पडले होते. न्हाणीत. लई वर्षं झाली." लेकीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि परत खाली घातली. डॉक्टरनं लिहून घेतलं. आज नुसतं शेकते, गुरुवारी मान सोडवू या, म्हणाली. जिन्यात लेक म्हणाली, "न्हाणीत कवा पडलीस? आपल्याला न्हाणी कुठं होती, स्वयंपाकघरात मोरी होती." मी म्हटलं, "तू तेव्हा नव्हतीस." ती म्हणाली, "मी नंतर होते की, आई." तिनं गाडी चालू केली.

फाइल घरी नेऊ देतात. तुम्हाला माहीत आहे, माझी शाळा चौथीत सुटली. पण तुम्ही ज्या वर्तमानपत्रांत लेपासाठी रक्तबोळ आणि हळद बांधून आणायचा ते कागद मी सरळ करून वाचायची, आणि लग्नानंतर इथं कोल्हापुरात आल्यावर पेठेतल्या वाचनालयाची पायरी धरली. इंग्रजी नंतर लेकीच्या पुस्तकांतून उचललं. तेव्हा छापलेलं काही हातात आलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. पण हे वाचता येईना. शब्दच नव्हते, नुसती अक्षरं. मधे तिरक्या रेघा, बाण, आकडे. मी वाचनालयातून वैद्यकीय शब्दकोश आणला, लेकीचा मोबाईल घेतला आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलावर बसून एकेक अक्षर सोडवत गेले. सी ओ म्हणजे तक्रार. एच ओ म्हणजे पूर्वी काय झालं ते. आर ओ एम म्हणजे सांधा किती फिरतो, आणि त्याच्यापुढं खाली वळलेला बाण म्हणजे कमी फिरतो. सी फाइव्ह, सी सिक्स म्हणजे मानेचे मणके, वरून मोजत यायचं. टी टी पी म्हणजे दाबल्यावर दुखतं. आणि कडेला उभी चार अक्षरं, एस, ओ, ए, पी. एस म्हणजे पेशंट काय म्हणतो. ओ म्हणजे डॉक्टरला हाताला, डोळ्याला काय लागलं. ए म्हणजे त्यावरून काय वाटतं. पी म्हणजे आता काय करायचं. प्रत्येक पानावर हीच चार अक्षरं, ह्याच ओळीनं. पहिल्यांदा पेशंट बोलणार, मग बाकीचं.

आबा, तुमच्याकडं तो एस नव्हता.

आपल्या नेसरीच्या घराचा पुढचा सोपा अजून डोळ्यांपुढं येतो. सकाळपासून हाडं बसवून घ्यायला आलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली असतात. तालमीतला कुणी, कोपर उलटं फिरलेलं, घामानं निथळतोय. बांधावरच्या भांडणातला कुणी, मनगट लोंबतंय आणि दुसऱ्या हातानं बिडी ओढतोय. तुम्ही सगळ्यांना एकच सांगता, "कुठं ते दाव. कसं ते नको." मी जन्मायच्या आधी तुम्ही एका मारामारीतला हात बांधला होता आणि दोन्हीकडच्यांनी तुम्हाला साक्षीला ओढलं. त्यात कुणीतरी तुमच्याच डोक्यात काठी घातली. कानामागचा तो व्रण मी लहानपणी बोटानं चाचपायची. तेव्हापासून आपल्या सोप्यात येणारं प्रत्येक माणूस पडलेलं असायचं. झाडावरून, बैलगाडीवरून, नुसतंच चालता चालता. आपल्या गावात माणसं फार पडायची.

आणि तुमचा तो प्रश्न. हाड बसवायच्या आधी माणसाचं अंग सैल पडायला हवं, म्हणून तुम्ही सहज बोलल्यासारखं काहीतरी विचारायचा. सासुरवाडी कुठली, म्हैस किती दूध देते, पोरगं कितवीत आहे. उत्तर द्यायला तोंड उघडलं की तुम्ही ओढायचा. एकदा एक बाई आली होती, जबडा निखळलेला, तोंड मिटत नव्हतं, लाळ पदरावर गळत होती. शेजारी नवरा तंबाखू मळत बसला होता. "पडली," तो म्हणाला. तुम्ही दोन्ही अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, तिच्या दाढांवर ठेवलं आणि विचारलं, "माहेर कुठलं, बाई?" तिनं घशातून कसलातरी आवाज काढला. तुम्ही खाली दाबलं, मागं ढकललं, आतून फांदी मोडल्यासारखं वाजलं आणि ती घोंगड्यावर कोसळली. थोड्या वेळानं उठून बसली, जबडा हातानं धरला आणि म्हणाली, "आजरा." तुम्ही तोवर हात धुवायला गेला होता. नवरा म्हणाला, "चल."

माझं लग्न कोल्हापुरात झालं. ते उद्यमनगरात लेथवर होते, हात भारी होता. पहिल्या वर्षी त्यांनी मला दंडाला धरून मोरीवरून उचललं आणि खाली आपटलं. आमटी खारट झाली होती असं मी पुढं मलाच सांगत आले, पण कारण काहीच नव्हतं. खांदा निसटला. तेच मला घेऊन तुमच्याकडं निघाले. गडहिंग्लजपर्यंतच्या एस्टीत ते खिडकीशी बसले होते, मी कडेला. गाडीनं गचका दिला की डोळ्यांपुढं पांढरं व्हायचं. गडहिंग्लजच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मला आलेपाक घेऊन दिला. ते असेही होते, ते मला सोडून द्यायचं नाही.

सोप्यात आल्यावर त्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं, "पडली." तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाही, खांद्याकडं पाहिलं. मला घोंगड्यावर आडवं केलं, माझ्या काखेत टाच रोवली, मनगट दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "सुखात हाईस न्हवं, पोरी?" माझ्या मनात आलं, आता सांगावं. तोंड उघडलं आणि तुम्ही ओढलं. मी किंचाळले. उत्तर तिथंच राहिलं.

मला बांधून झाल्यावर आव्वानं लेकीला-जावयाला चहा आणला. तुम्ही म्हणालात, "जावईबापू, हिकडं या. तुमचा बी खांदा बघतो." ते हसले. "मला काय झालंय?" तुम्ही म्हणालात, "न्हाय झालं अजून." ते उठत होते तेवढ्यात तुम्ही त्यांचा हात धरला, कोपरातून दुमडला, बाहेर फिरवला आणि गुडघा पाठीत घातला. ओली लाकडं फोडताना येतो तसा आवाज आला. त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. परड्यातलं वासरू दावं तोडून पळालं. त्यांचा हात पिशवीसारखा लोंबत होता. ते जमिनीवर बसले आणि तिथंच ओकले. तुम्ही भिंतीला टेकून बसलात, कपातला चहा बशीत ओतलात आणि फुंकून फुंकून प्यायलात. आव्वा पदर तोंडात कोंबून उभी होती. सगळा चहा संपल्यावर तुम्ही उठलात, त्यांच्या काखेत टाच रोवली आणि खांदा परत बसवलात. त्यांना काही विचारलं नाहीत. हात पुसत म्हणालात, "पडलासा. आमचा उंबरा जरा उंच हाय. येताना सांभाळून येत जावा."

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. परत येताना एस्टीत दोघांचे हात गळ्यात बांधलेले होते आणि कंडक्टर म्हणाला, "काय पावणं, जोडीनं पडलासा व्हय?" मी पदराआड हसले.

पण त्यानं काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. काही महिने त्यांनी हात उचलला नाही. मग उचलला, फक्त जागा बदलली. हाडं मोडली तर ती तुमच्या सोप्यात येणार हे त्यांना पक्कं कळलं होतं. म्हणून पाठ, मांड्या, केसांच्या आतलं डोकं. एकदा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मागून पाटाची कड मानेच्या मुळाशी बसली. तोंड परातीत गेलं. नाकातोंडात पीठ भरलं, आणि श्वास घेता येईना तेव्हा मला वाटलं की आपण मेलो, आणि पीठ वाया गेलं. त्यांनीच मला वर ओढलं, तोंड पुसलं आणि कामावर निघून गेले. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

जत्रेला मी एकटी आले. मान कललेली होती. मी म्हटलं, "उशी चुकली." तुम्ही माझ्या मागं बसलात आणि बोटं फिरवायला लागलात. त्या जागी आलात आणि थांबलात. परत वरून खाली आलात, परत तिथंच थांबलात. मी तुमच्या प्रश्नाची वाट बघत होते, आबा. या खेपेला ओढायच्या आत बोलायचं, असं एस्टीतच ठरवलं होतं. तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत. ओढलंही नाहीत. गरम केलेलं तेल लावलंत आणि उपरण्याची पट्टी फाडून मान बांधलीत. आतून आव्वानं विचारलं, "काय झालंय ओ तिला?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाय. मान अवघडल्या."

मग मीच विचारलं, "आबा, मी आता हितंच ऱ्हाऊ व्हय?"

तुम्ही पट्टीची गाठ मारत होता. गाठ नीट बसवलीत. मग म्हणालात, "सकाळच्या एस्टीनं जा. ऊन व्हायच्या आत पोचशील."

सकाळी पिशवीत तुम्ही चार कामट्या घातल्यात. तुमच्या हाताखालच्याच, बांबूच्या, किती जणांच्या हातापायांना लागून गुळगुळीत झालेल्या. वर पट्टीचं कापड गुंडाळलेलं. "असू देत. लागल्या तर," म्हणालात. लोक लेकीला साडी देतात, आबा. त्या मला लागल्या. एकदा मनगटाला, एकदा करंगळीला. दातात पट्टी धरून मी एका हातानं बांधायला शिकले. तुमच्याकडं पुन्हा आले नाही. पुढच्या वर्षी तुम्हीच गेलात. तिरडी उचलताना तुमचे हात पोटावर ठेवले होते, ते किती लहान दिसत होते. एवढ्याशा हातांनी तुम्ही त्यांचा खांदा काढला होता.

ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा तो हात शेवटपर्यंत खांद्याच्या वर गेला नाही. म्हातारपणी सदरा घालायला मी लागायची. बाहीत हात सारताना ते म्हणायचे, "तुझ्या बाची आठवण हाय ही, रोज येतीया." मी म्हणायची, "माझ्या मानेत तुमची हाय." एवढंच बोलणं त्या विषयावर आमच्यात झालं. मग मी बटणं लावायची. ते गेले तेव्हा मी रडले ते खोटं नव्हतं. कपाटात त्यांचा तो सदरा आहे. अजून कुणाला दिलेला नाही.

तर ती फाइल. एच ओ च्या पुढं डॉक्टरनं लिहिलं होतं, फॉल. म्हणजे पडणं. खाली पी च्या ओळीत, गुरुवारी काय करायचं ते, तीन अक्षरं. त्यांचा अर्थ शोधायला मला सगळ्यात वेळ लागला. हातानं झटका देऊन मणका हलवणं, आणि पुढं मानेचं नाव. मी दोन्ही ओळी परत परत वाचल्या. वरच्या ओळीवर विश्वास ठेवून ती खालची ओळ करणार होती. तुमच्या सोप्यातला नियम मी तिच्या टेबलावर नेऊन ठेवला होता, आणि तिला तो नियम आहे हेच माहीत नव्हतं. तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही तरी चालायचं. ह्या मुलीचा सगळा भार माझ्या शब्दावर होता. तिनं झटका दिला असता, माझे हातपाय गेले असते, आणि ती पोरगी आयुष्यभर विचार करत बसली असती की आपलं काय चुकलं. आणि माझ्या लेकीनं मला उचलून न्हाऊ घातलं असतं.

गुरुवारी टेबलावर बसल्या बसल्या मी लेकीला म्हटलं, "खालनं पाण्याची बाटली आण." ती म्हणाली, "हितं हाय की पाणी." मी म्हटलं, "गार आण." तिनं मोबाईल पिशवीत टाकला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी जाते. पण सांग तिला." आणि गेली. दार तिनंच ओढून घेतलं.

मी डॉक्टरला म्हटलं, "मी पडले नव्हते. मला मारलं होतं. पाटानं, मागून." आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा आला. तिनं माझ्या मानेवर ठेवलेले हात काढून घेतले, अगदी हळू, दुधाचं भांडं उतरवतात तसे. समोर येऊन बसली. "कुणी, काकू?" मी सांगितलं. ती चुकचुकली नाही, त्याबद्दल मी तिचे आभार मानते. म्हणाली, आज मानेला हात लावायचा नाही, आधी एक्सरे.

एक्सरे शेजारच्याच इमारतीत निघाला. तिनं तो उजेडावर धरला आणि मला बोट ठेवून दाखवलं. मागच्या बाजूला एक तुकडा वेगळा दिसत होता, जुना, कडा गोल झालेल्या. "झटका दिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही," ती म्हणाली. आता व्यायाम, शेक, आणि आधी मोठ्या डॉक्टरना दाखवायचं. मग फाइल ओढली. फॉल ह्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर दुसरा शब्द लिहिला. त्याच्या पुढं एक खूण काढली. दोन उभ्या रेघा, त्यांवर दोन आडव्या. ही खूण मला माहीत झाली होती. # म्हणजे मोडलेलं हाड. मला ती चार कामट्यांसारखी दिसली, एकमेकींवर टाकून बांधायला घेतल्यासारखी.

मग तिनं पेन न ठेवता विचारलं, "तेव्हा कुणाला दाखवलं होतं?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांना. हाडं बसवायचे ते. गडहिंग्लजपासून आजऱ्यापर्यंत माणसं यायची."

"त्यांनी हात लावला होता इथं?"

"लावला होता."

"मग त्यांना कळलं नाही? मोडलंय, कुणी मारलंय?"

ती थांबली होती. घाई अजिबात नव्हती तिला. पाहिजे तेवढा वेळ मला बोलू दिलं असतं. दाराबाहेर लेकीच्या चपला वाजल्या.

मी म्हटलं, "न्हाय. त्यांना कसं कळणार? मी पडले म्हणून सांगितलं होतं."

तिनं मान हलवली आणि लिहून घेतलं. एकच ओळ, डॉक्टरांच्या त्या अक्षरांत. फाइल इथं माझ्यापुढं ओट्यावर आहे, कामट्यांच्या जुडीशेजारी. तुम्हाला लिहिलेले हे कागदही त्याच जुडीत बांधून ठेवीन, दुसरीकडं कुठं पाठवणार? तिची अक्षरं आता मला सगळी वाचता येतात. ती ओळ मात्र मी अजून वाचलेली नाही.